पोलाद पुसताना

पावाच्या दुकानात आमच्या गल्लीतले ओरेस्ते आजोबा माझ्यापुढे उभे होते. बाईनं दिलेली पिशवी घ्यायला त्यांनी हात पुढे केला आणि त्यांच्या तळहातावर निळ्या पेनानं लिहिलेल्या तीन ओळी मला दिसल्या. गॅस बंद. नळ बंद. मागचं दार बंद. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. आमच्या वर्गातली मुलं इतिहासाच्या पेपरला असंच लिहून आणतात, पण त्यांचं अक्षर इतकं सुबक नसतं. आजोबांनी माझी नजर पकडली. मूठ मिटली नाही, उलट हात माझ्या नाकासमोर धरला. "बघून घे, दिलेत्ता. सत्तरीनंतर कॉपी करून पास होतोय." बाई हसली, मागच्या दोघी हसल्या, मीही हसले, मोठ्यानं, हल्ली हसते तसं. पाव न घेताच मी बाहेर पडले. मागून एक जण दुसरीला म्हणत होती, "आग लागल्यापासून असं झालंय बिचाऱ्याचं." दुसरी म्हणाली, "अगं, असं झालं होतं म्हणून तर आग लागली."

ती आग मी लावली होती.

हे वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलं होतं की ते घासून गुळगुळीत झालं होतं. मेल्ला नदीच्या पुलावर थांबून मी ते पाण्याकडे बघत ओठांनी म्हणून पाहिलं, नुसत्या ओठांनी. तेवढ्यात शेजारून माझ्या वर्गातला एक मुलगा सायकलवरून ओरडत गेला, "काय चॅम्पियन!" आणि मी हात उंचावला. हात आपोआप वर जातो. हीच तर गंमत आहे. सप्टेंबरपर्यंत मला कुणी हाक मारत नव्हतं. बंदूक बनवायला शिकवणाऱ्या आमच्या शाळेत बावीस मुलगे आणि आम्ही तिघी. मी शेवटच्या बाकावर, प्रश्न विचारला की मान लाल व्हायची, शब्द दातांमागे अडकायचे. मग कोरीवकामाच्या स्पर्धेत सगळ्या प्रांतातून मी पहिली आले. पोलादाच्या एवढ्याशा पट्टीवर ओकची तीन पानं. ब्रेश्या शहरात मंचावर बोलावून माझ्या हातात माइक दिला आणि मी बोलले! सलग चार मिनिटं, न अडखळता, शेवटी एक विनोदसुद्धा. लोक हसले. त्या दिवसापासून मी गप्पच बसेना. बसमध्ये बोलायचे, जेवताना बोलायचे, अंघोळ करताना बोलायचे. बाबा म्हणायचा, "सतरा वर्षांची थकबाकी वसूल करतेय." आणि हे सगळं ज्या मुलीला मिळालं, तीच मुलगी पाच आठवड्यांनी वर डोंगरात गेली. दोन वेगळ्या मुली असत्या तर बरं झालं असतं. एकीचं कौतुक करता आलं असतं, दुसरीला पकडून देता आलं असतं.

वर चेस्टनटच्या रानात आजोबांची शिकारीची खोपी होती. लाकडी भिंती, एका कोपऱ्यात लोखंडी स्टोव्ह, समोर पक्ष्यांवर लक्ष ठेवायची खिडकी, तिच्यावर गोणपाट, खाली लांबलचक बाक. किल्ली दगडाखाली असायची, आणि कुठल्या दगडाखाली ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मला शाळेसाठी माझी ओळख करून देणारी चित्रफीत हवी होती. खरं सांगायचं तर शाळेला नको होती, मलाच हवी होती. आजोबा सकाळी तिथे होते हे मला ठाऊक होतं, कारण दुपारी ते चेस्टनटचं पोतं खांद्यावर घेऊन उतरताना वाटेत भेटले. "परत येतोय तासाभरात," ते म्हणाले. पण खाली ओर्नेल्लाचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, मिलानहून फोन आला आणि ते राहूनच गेले. स्टोव्ह थंड होता. त्याच्या तोंडाची झडप घट्ट मिटलेली होती. मी माझा कोट त्याच्यावर ठेवला, म्हणून मला नक्की माहीत आहे. स्टोव्ह आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्यात त्यांची दुनळी बंदूक उभी होती, नळ्या वर करून. ती तिथे एकटी ठेवणं हाच गुन्हा होता, आणि पुढे पोलिसांनी त्यांना ते पुरेपूर ऐकवलं. मला मात्र वाटलं, वा, मागे किती छान दिसेल. बाकावर बरणीत दोन मेणबत्त्या लावल्या, प्रकाश सोनेरी पडावा म्हणून. फोन टेकवला. बोलले. इतकं सुंदर बोलले की शेवटी स्वतःलाच टाळ्या वाजवल्या. मग ते मैत्रिणीला ताबडतोब पाठवायला हवं होतं, आणि खोपीत सिग्नल नव्हता, म्हणून मी कोट उचलून बाहेर पडले, उतारावर आले, आणखी उतारावर, तिच्याशी बोलत बोलत, हसत, पार रस्त्यापर्यंत. मेणबत्त्यांची आठवण झाली तेव्हा वर धूर दिसत होता. मी वर पळाले नाही. हे लिहिताना हात थांबतो. मी वर पळाले नाही, खाली पळाले, आणि गल्लीत शिरेपर्यंत चित्रफीत पुसून टाकली होती. मग फोनमधल्या कचऱ्याच्या डब्यातूनही पुसली.

तीन दिवसांनी आजोबांनी ती दुनळी आमच्या कारखान्यात आणली. कारखाना म्हणजे घराच्या खालची लांब खोली, बाबा आणि त्याचे दोन लेथ. आजोबा बाबाचे उस्ताद. चाळीस वर्षं अक्रोडाच्या लाकडातून बंदुकीचे दस्ते घडवले त्यांनी. सोळा वर्षांच्या बाबाच्या हातात पहिली कानस त्यांनीच दिली, आणि लाकडात तुझा हात चालत नाही, पोलादाकडे जा, असं सांगून हाकललंही त्यांनीच. दुनळी टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेली होती. त्यांना ती उघडवेना. "तूच बघ, एल्व्यो. दस्ता तर गेलाच असेल. लाकूड गेलं याचं काही नाही, लाकूड मी करतो. पण ती नक्षी..." नक्षी पिएरीनाआजीची, म्हणजे त्यांच्या वारलेल्या बायकोची होती. बाविसाव्या वर्षी, एका छोट्या कारखान्यात नोकरीला असताना, तिनं या दुनळीच्या दोन्ही बाजूंना लांब चोचीचे पक्षी कोरले होते. तो कारखाना कधीच बंद पडला, अशा जेमतेम चाळीस दुनळ्या निघाल्या, आणि आज संग्राहक त्यांच्यामागे वेड्यासारखे फिरतात. पण आजोबांना त्याचं काही नव्हतं. त्या पक्ष्यांवरून लग्नाआधी दोघांचं पहिलं भांडण झालं होतं. चोच जास्तच लांब झालीय, ते म्हणाले होते, आणि ती म्हणाली होती, पक्ष्याला विचार. "ही आता वाजायची नाही," बाबा म्हणाला. "आगीतून गेलेल्या नळीवर कुणी भरवसा ठेवू नये. पण दिसेल. शब्द देतो, होती तशी दिसेल. आणि एकही नवा भाग घालणार नाही. त्याच कारखान्याचा, त्याच हातांचा मिळाला तर घालीन, नाहीतर जागा मोकळी ठेवीन." आजोबांनी मान हलवली आणि जाता जाता दारातच थबकले. "झडप मी बंद केली होती रे," ते म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं. "असं वाटतं की केली होती."

ते गेल्यावर बाबानं कळा उघडल्या. दुनळीच्या दोन्ही बाजूंना एकेक पोलादी पट्टी असते, बाहेरून नक्षी, आतून घोडा आणि त्याला झटका देणाऱ्या कमानी, म्हणजे स्प्रिंग. तिला आम्ही कळ म्हणतो. बाहेरून काजळीशिवाय काही दिसत नव्हतं. आतलं जळकं तेल बाबानं पुसलं, आणि खालून रंग दिसले. पोलाद तापलं की रंग बदलतं, हे आमच्या गावात पोरांना पाढ्यांच्याही आधी कळतं. थोडं तापलं की पेंढ्यासारखं पिवळं, मग तांबूस, जांभळं, निळं, आणि त्याहून तापलं की राखाडी. राखाडी झालं की त्याचं पाणी उतरलं, कमान मेली. थंड झाल्यावरही तो रंग तसाच राहतो. उजव्या कळीच्या कमानी फिकट पिवळ्या होत्या, अगदी सुंदर. डाव्या कळीच्या राखाडी. दुनळी कोपऱ्यात उभी होती, उजवी बाजू स्टोव्हकडे, डावी बाजू खिडकीकडे. आग खिडकीकडून आली होती. ते तिथे लिहिलेलंच होतं, कुणालाही वाचता आलं असतं, आणि ते वाचायला मला बाबानंच शिकवलं होतं. बाबा दोन्ही पट्ट्या दिव्याखाली धरून बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं चष्मा काढून पुसला. कुठलंही जुनं काम आलं की आधी फोटो काढायची त्याची सवय आहे, बाजूनं, आतून, वीस-वीस फोटो. या वेळी काढला नाही. पॉलिश पेपर माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "आतून बाहेरून लख्ख कर. कमानींसकट. नक्षीला धक्का लावू नकोस. बाकी एक डाग दिसता कामा नये." आणि फोन करायला वर निघून गेला.

मी पुसलं. त्या दुपारी इतकं निगुतीनं काम केलं की शाळेत असतं तर गुण मिळाले असते. पिवळा आधी गेला, तो अगदी वरवरचा असतो, सायीसारखा. राखाडी जायला वेळ लागला. बोटं काळी होत होती आणि खालून चंदेरी, निष्पाप पोलाद वर येत होतं, आणि मनाच्या एका कोपऱ्यात, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. म्हणजे हातांना बरं वाटत होतं. हातांना काम कळतं, बाकीचं कळत नाही. बाबा खाली आला, बघून म्हणाला, "छान." एवढंच. मला वाटलं, त्याच्या लक्षात आलं नाही. ज्यानं मला रंग शिकवले त्याच्या लक्षात आलं नाही, यावर मी विश्वास ठेवला. माणूस सोयीचं असलं की कशावरही विश्वास ठेवतो, आणि मी तर नुकतीच हुशार ठरले होते.

मग भाग शोधणं सुरू झालं. डाव्या कमानी मेल्या होत्या, नुसत्या लख्ख होत्या इतकंच. बाबानं मला शेजारच्या सरेत्झो गावात तेक्लाबाईंकडे पाठवलं. त्यांचा नवरा पिएरीनाआजीच्याच कारखान्यात कमानी करायचा, आणि कारखाना बंद झाला त्या दिवशी त्यानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अर्धवट माल भरून घरी आणला होता. तेक्लाबाईंनी डबा टेबलावर उपडा केला. "घे, निवड. चाळीस वर्षं धूळ पुसतेय यांची. माणसाची पुसली असती इतकी तर उठून बसला असता." मी माप घेऊन दोन कमानी निवडल्या. त्यांनी एक उचलून बोटानं दाबली आणि सोडली. टण्ण! "त्याचाच हात. बघ, कडेला जरा जास्तच घासायचा, सगळे ओरडायचे." मग विचारलं, "ओरेस्तेचीच ना? ऐकलंय मी, डोकं चालत नाही म्हणे आता. मिलानची पोरगी कुठल्याशा वृद्धाश्रमात खोली बघतेय." मी कमानी रुमालात बांधल्या. परतीच्या बसमध्ये त्या माझ्या मांडीवर होत्या, एका मेलेल्या माणसाच्या हातच्या, माझ्या आगीनं रिकाम्या केलेल्या जागेत बसायला निघालेल्या. खोली बघतेय. म्हणजे स्वयंपाकघर जाईल, दस्ते घडवायचं बाकडं जाईल, चौकात उतरायचा जिना जाईल. मी ठरवलं, आजच सांगायचं. आमच्या गावच्या, गार्दोनेच्या थांब्यावर उतरेपर्यंत ठरलेलं होतं. थांब्यावर आमच्या मुख्याध्यापिका भेटल्या, त्यांनी माझा गाल धरला आणि वर्तमानपत्रात माझा फोटो येणार असल्याचं सांगितलं, आणि ठरलेलं कुठेतरी पडून गेलं.

सगळ्यात वाईट म्हणजे नक्षी. डाव्या पक्ष्याची पिसं आगीनं आणि गंजानं पुसट झाली होती. बाबा म्हणत होता, तशीच राहू दे. पण आजोबा नवा दस्ता घेऊन आले, जुन्या अक्रोडाचा, आठवडाभर खपून घडवलेला, तेव्हा त्यांनी माझ्या हातात भिंग ठेवलं. "हिला करू दे. पिएरीनाचा हात असाच होता, बारीक आणि उर्मट." "माझ्याकडून बिघडलं तर?" मी म्हटलं. "तर बिघडेल. माझ्याकडून अख्खी खोपी बिघडली." ते हे हसून म्हणाले. त्यांनी आता ते हसून म्हणायला शिकून घेतलं होतं. मी एकेक पीस कोरणीनं उघडत गेले. बाविसाव्या वर्षीची पिएरीनाआजी माझ्या मनगटात बसून होती आणि काहीच बोलत नव्हती. आजोबा शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक पिसाला "हं, हं" म्हणत होते. इतक्या जवळ की त्यांच्या श्वासाला बडीशेपेचा वास येत होता. तोंड उघडलं असतं तर सांगून झालं असतं. मी तोंड मिटून पिसं कोरली. सतरा वर्षांत बोलता आलं नव्हतं तेव्हाही मी इतकी गप्प नव्हते. त्याच आठवड्यात पावाच्या दुकानात तो तळहात दिसला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी आम्ही दुनळी घेऊन आजोबांकडे गेलो, मी आणि बाबा. ओर्नेल्ला मिलानहून आली होती. टेबलावर मक्याच्या पिठाची पोलेंता वाफाळत होती, शेजारी सशाचा रस्सा. आजोबांनी हात पुसले, दुनळी मांडीवर घेतली, डावा पक्षी बघितला, उजवा बघितला. "चोच जास्तच लांब आहे," ते म्हणाले आणि नाक शिंकरलं. ओर्नेल्लानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पप्पा, ही तिकडे खोलीत भिंतीवर लावू आपण. मंगळवारी मिळतेय खोली. एल्व्यो, तुमचे कसे आभार मानू?" बाबा ताटाकडे बघत म्हणाला, "त्यात काय." आणि मी उभी राहिले. मंचावर उभी राहिले होते तशीच, पाय जरा फाकवून.

"आजोबा, आग मी लावली."

ओर्नेल्लानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिचे डोळे भरून आले. "अगं राणी. ये, बस. किती गुणी आहेस तू." "गुणी नाहीये मी! मी मेणबत्त्या लावल्या होत्या, बाकावर, गोणपाटाखाली." आजोबांनी मान हलवली, हळू, प्रेमानं. "माझ्यासाठी खोटं बोलू नये, बाळा. झडप मीच उघडी टाकली. सुरुवातीला आठवत नव्हतं, आता आठवतं. हात असा नेला, आणि अर्ध्यावर सोडून दिली. स्पष्ट दिसतं मला." त्यांनी हवेत हात नेला आणि अर्ध्यावर सोडला. सात आठवड्यांत त्यांनी ती आठवण घडवली होती, लाकूड घडवतात तशी, कुठे फट राहू न देता, आणि आता ती त्यांची होती. मी काढून घेऊ बघत होते तर ते देत नव्हते. "स्टोव्ह थंड होता," मी ओरडले. "माझा कोट होता त्याच्यावर! उजवी कळ पिवळी होती, आजोबा. डावी राखाडी होती. मी पुसलं ते. मीच पुसलं."

आजोबा लाकडाचे कारागीर, पण गावचेच, पोलादाचे रंग त्यांनाही कळत होते. त्यांनी दुनळी मांडीवर उभी धरली, नळ्या वर, जशी ती कोपऱ्यात होती तशी, आणि एकदा गॅसकडे, एकदा खिडकीकडे बघितलं, जणू स्वयंपाकघरच खोपी होती. "काय चाललंय?" ओर्नेल्ला म्हणाली. त्यांनी तिला हातानं थांबवलं. "एल्व्यो. कळा तू उघडल्यास. रंग कुठला होता?"

मला वाटलं होतं, बाबा माझ्याकडे बघेल, चकित होईल. त्यानं बघितलंच नाही. पोलेंताच्या वाफेकडे बघत होता, आणि मला तो न काढलेला फोटो आठवला, पुसलेला चष्मा आठवला, आणि सगळं एकदम, मोठ्या आवाजात, कळलं. "बोल की," आजोबा म्हणाले, उस्ताद शिकाऊ पोराला म्हणतो तसं. बाबा म्हणाला, "पोरगी सांगते तोच."

"तुला केव्हापासून माहीत?"

"उघडली तेव्हापासून. आणि त्याच्या आधी तिच्या बाहीवर मेण होतं. मी इस्त्री फिरवून काढलं." तो थांबला. "रेकॉर्डवर गुन्हा आला असता, ओरेस्ते. शाळेतून काढली असती. आत्ता कुठे ती... तुम्ही ऐकलंत ना तिला, बोलताना?"

"ऐकलं," आजोबा म्हणाले. मग दुनळी टेबलावर ठेवत, "म्हणजे मी झडप लावली होती." "घट्ट लावली होती," मी म्हटलं. ते हसले. तोंड उघडून, सगळे दात दाखवून हसले, आणि ओर्नेल्ला रडायला लागली, आणि मला वाटलं की झालं, आता माझ्यावर ओरडतील, आणि मी त्या ओरडण्यासाठी अक्षरशः मान पुढे केली. त्यांनी माझ्या डोक्यावर थापटी मारली. "तू पोर आहेस. घाबरलीस. पोरं घाबरतात." मग हसणं तसंच चेहऱ्यावर ठेवून ते बाबाकडे वळले, आणि ते हळूहळू विझत गेलं. "तू माझ्यासमोर बसून सात आठवडे ऐकत होतास. मी म्हणत होतो माझं डोकं गेलं, आणि तू हं म्हणत होतास." बाबानं चष्मा काढून हातात धरला. "दुनळीचं काम चांगलं झालंय," आजोबा म्हणाले. "आता जा."

खोली रद्द झाली. हे मला ओर्नेल्लानंच फोन करून सांगितलं, आवाज कडक होता, पण सांगितलं. शाळेत मी स्वतः जाऊन सांगितलं, पोलिसांतही. व्हायचं ते होईल, वर्तमानपत्रातला फोटो तर गेलाच. मुलांनी चॅम्पियन म्हणणं सोडलं, मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचंच आश्चर्य वाटलं. मला वाटलं होतं, सांगितल्यावर आतून धुतल्यासारखं होईल. झालंही थोडं. पण माझ्या अंगावरचं ते पाणी वाहून कुठे गेलं, ते मी बघितलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी बाबा चौकातल्या बारमध्ये पत्ते खेळायला जातो, माझ्या जन्माच्याही आधीपासून. आजोबा त्याचे जोडीदार. दोघे मिळून खेळले की समोरच्यांना उठू देत नाहीत, असं म्हणतात. त्या शनिवारी त्यानं दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, आणि माझ्याकडे न बघता जिना उतरला. दहा मिनिटांत परत वर आला. कोट काढला, खुंटीला लावला, तो निसटून पडला, पुन्हा लावला. "आज कुणी आलंच नव्हतं," तो म्हणाला.

मी खिडकीशी उभी होते. खाली बारच्या काचेआड दिवा लागला होता, टेबलाभोवती चौघे बसले होते, बाबाच्या खुर्चीत खाटिक होता, आणि आजोबा पत्ते वाटत होते.

"हो का," मी म्हटलं, आणि जरा सरकून, बारचा दिवा माझ्या पाठीआड जाईल अशी, खिडकीच्या बरोबर मधोमध उभी राहिले.